कोकणातल्या घराचं छप्पर: कौलं, पत्रे की स्लॅब? (वादळाचा विचार करून)

सुपारीबाग | ११ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैपासून थोडं आत. समुद्र सरळ रेषेत एक-दीड किलोमीटर असेल. आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंतींचं चौपाखी (चारही बाजूंना उतार असलेलं) कौलारू घर. पुढे पडवी, मागे न्हाणीघर.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरात आई-बाबा दोघंच होते. मी पुण्यात, लॉकडाऊनमध्ये अडकलेलो. दुपारी फोन बंद पडला तो नऊ दिवस लागला नाही. नंतर बाबांनी सांगितलं ते असं: आधी पडवीवरचा पत्रा गेला. मग आढ्यावरची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची, कौलं सुटायला लागली. मागचं दार कडीसकट उघडलं, वारा आत घुसला आणि मागचं पाखं, म्हणजे छपराचा उतार, वासे आणि कौलांखालच्या रिपांसकट (लाकडी पट्ट्यांसकट) उचललं गेलं. दोघं स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून होते, जवळजवळ तीन तास.

तेव्हा मिळतील ते पत्रे घालून घेतले. ताडपत्रीसुद्धा मिळत नव्हती, निवड कसली करणार. आता ते पत्रे स्क्रूभोवती गंजलेत, दोन ठिकाणी आरपार भोकं आहेत. यंदा एकदाच नीट करायचं ठरवलंय. कौलं, पत्रे की स्लॅब? ज्यांनी वादळ सोसलंय त्यांचं मत हवंय.


खाडीपलीकडे | ११ मार्च, रात्री १०:०५

स्लॅब टाका. आमच्या वाडीत निसर्ग वादळात शेजारच्यांच्या स्लॅबवर अख्खा फणस आडवा झाला. कठड्याचा एक कोपरा गेला, बाकी काही नाही. त्यांच्या समोरचं कौलारू घर उघडं पडलं होतं.


चिरेबंदी | ११ मार्च, रात्री ११:१८

खाडीपलीकडे, स्लॅब उडत नाही हे खरं, पण समुद्राजवळ तो आतून सडतो. आमचा स्लॅब १९९४ चा. गवंड्याने खाडीची वाळू वापरली, तेव्हा सगळेच वापरायचे. त्या वाळूतलं मीठ सळईला लागलं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. दोन वर्षांपूर्वी माजघरात पाटाएवढा पोपडा पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं.

स्लॅब गळायला लागला म्हणून त्यावर पत्र्याची शेड केली होती. निसर्गात ती शेड उडून दोन घरं पलीकडे जाऊन पडली. म्हणजे स्लॅबचा खर्चही झाला आणि पत्राही उडाला. स्लॅब करायचाच असेल तर नदीची धुतलेली वाळू किंवा क्रशर सँड घ्या आणि सळईखाली पुरेसं काँक्रीट राहील हे स्वतः उभं राहून बघा. ओतकामाच्या दिवशी घरचं माणूस तिथे असलंच पाहिजे.


मोजपट्टी | १२ मार्च, सकाळी ७:५०

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, माहेर गुहागरचं. सुपारीबाग, कौल की पत्रा हे नंतर बघू. तुमच्या बाबांनी सांगितलेला क्रम फार महत्त्वाचा आहे: पडवी, मग आढं, मग दार, मग पाखं. बहुतेक घरं याच क्रमाने जातात.

वारा छपराला दाबतो असं आपल्याला वाटतं. उताराच्या छपरावर तो बराचसा वर ओढतो. निसर्गने अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनारा ओलांडला तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा होता, झोत १३० पर्यंत. १३० चा झोत म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. आपल्या आयएस ८७५ या बांधकामाच्या भारतीय मानकातलं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ ओढ याच्या दीडपट-दुप्पट होते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, हेही लक्षात असू द्या.

आता वजन बघा. मंगळुरी कौल चौरस मीटरला पंधराच्या आसपास बसतात, वजन चाळीस किलोच्या आत-बाहेर. अर्धा मिलिमीटरचा पत्रा? जेमतेम चार किलो. दोन्ही नुसत्या वजनाने टिकणार नाहीत. प्रश्न एवढाच की ती ओढ कशातून जमिनीपर्यंत उतरते. पत्रा परलीनला (पत्र्याखालच्या आडव्या दांड्याला), परलीन ट्रसला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), ट्रस भिंतीला, भिंत पायाला. या साखळीत जी कडी सगळ्यात कच्ची, तिथून छप्पर जातं. तुमचे वासे भिंतीवर कशाने धरले होते?


सुपारीबाग | १२ मार्च, सकाळी ९:२२

ताई, बाबांना विचारलं. भिंतीवरच्या आडव्या लाकडाला खिळे होते, आणि ते लाकूड चिऱ्यावर नुसतं ठेवलेलं. सत्तर वर्षं तसंच होतं.


मोजपट्टी | १२ मार्च, सकाळी ९:४०

मग तीच कच्ची कडी. वर काहीही घातलंत तरी त्याआधी भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा आरसीसी बेल्ट, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा पट्टा, ओता. कोपऱ्यांत आणि मधे-मधे त्याच्या सळया चिऱ्यात खोल उतरवा, नाहीतर बेल्टच उचलला जाईल. प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने त्या बेल्टला बांधा, पट्टी वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी. खिळा बाजूच्या जोराला धरतो, वर ओढला की सरळ निसटतो. बजेटमध्ये एकच गोष्ट बसत असेल तर ही करा.


रापणवालो | १२ मार्च, दुपारी १:१०

मी मालवणचो. तौक्ते वादळ इला तेव्हा आमच्या घराचो पुढचो पत्रो सगळो गेलो, मागचो एक पत्रोसुद्धा हाललो नाय.

बाकीच्यांसाठी सरळ मराठीत सांगतो. पुढचे पत्रे जे-हुकने (एकाच टोकाला वाकवलेल्या सळईने) लावलेले होते, मागचे यू-बोल्टने (दोन्ही टोकांना नट लागणाऱ्या). घर एकच, वारा तोच. जे-हुक वर ओढला की सरळ होतो. मी नंतर वाडीत फिरून गोळा केले, सगळे सळईसारखे सरळ झालेले. मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्याकडे किनाऱ्याला लागलंच नाही, समुद्रातून वर गेलं आणि गुजरातेत उन्याजवळ आत शिरलं. तरी देवगड-मालवणात एवढं नुकसान. वादळ आपल्या गावात येणार नाही म्हणून निश्चिंत राहू नका.


टँपाची_वाट | १२ मार्च, रात्री ११:३०

मी फ्लोरिडात, टँपाजवळ राहतो. मूळ गाव वेंगुर्ला. मोजपट्टी म्हणताहेत तेच इथे फार मोठी किंमत मोजून शिकले लोक. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आलं. नंतर पडलेल्या घरांची तपासणी झाली तेव्हा दिसलं की कित्येक छपरांच्या प्लायवुडला मारलेल्या पिना खालच्या लाकडात घुसल्याच नव्हत्या, शेजारून गेल्या होत्या. लाकूड चांगलं, प्लाय चांगला, पण जोडच नाही. त्यानंतर नियम बदलत गेले आणि २००२ पासून अख्ख्या राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली.

आता नवं घर बांधताना प्रत्येक वासा भिंतीला पट्टीने बांधावा लागतो. गुळगुळीत खिळे चालत नाहीत, आटे असलेले लागतात. प्लायच्या सांध्यांवर चिकटपट्टी मारतात, म्हणजे वरचं आच्छादन उडालं तरी पाणी घरात येत नाही. विम्यासाठी माणूस येऊन माळ्यावर चढतो, पट्ट्यांचे फोटो काढतो, छप्पर चौपाखी की दुपाखी ते लिहितो. चौपाखीला हप्त्यात सवलत मिळते. वाचून मला आमच्या वेंगुर्ल्याच्या घराची आठवण झाली. आजोबांनी चौपाखीच बांधलं होतं, कुठली संहिता न वाचता.


गोंयकार_बाय | १३ मार्च, सकाळी ८:१५

टँपाची_वाट, वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही जुनी घरं चौपाखीच. दुपाखी घराची त्रिकोणी भिंत वाऱ्याला सरळ तोंड देते, ती आधी पडते.

मला वेगळा प्रश्न आहे. आमचे आजोबा सांगायचे की वादळात वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे घर "श्वास घेतं". हे खरं का?


मोजपट्टी | १३ मार्च, सकाळी ८:५०

सगळी दारं-खिडक्या बंद ठेवा. वाऱ्याच्या बाजूची एक जरी उघडली तर हवा आत कोंडते आणि छपराला खालून ढकलते, वरून ओढ असतेच. दोन्ही मिळून छप्पर जातं. सुपारीबागच्या घरी मागचं दार उघडल्यावरच पाखं गेलं ते याच कारणाने. उलट बाजू कुठली हे वादळात ठरवताही येत नाही, कारण केंद्र सरकलं की वारा दिशा बदलतो. दारांना आतून आडणे लावा, जुन्या घरांना दारामागे आडवे असायचे तसे जाड लाकडी दांडे.


चिरेबंदी | १३ मार्च, सकाळी ९:३०

आडणा! आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत त्याचे खोबण अजून आहेत, आडणा मात्र कधीच सरपणात गेला. आजच करायला टाकतो.


कौलांची_मुलगी | १३ मार्च, दुपारी ३:४५

पत्रे आणि स्लॅब खूप झाले, कौलांच्या बाजूने कोणी बोलणार की नाही? माझे वडील घरं शाकारायचे. वैशाखात दोन माणसं घेऊन निघायचे, वाडीवाडीत एकेक घर करत जायचे. प्रत्येक कौल काढायचं, झाडायचं, टिचकी मारून आवाज ऐकायचा. बद्द वाजलं की फुटकं. रिपेला वाळवी लागली असेल तर तिथेच बदलायची. आज लोक म्हणतात कौलं टिकत नाहीत. दहा-दहा वर्षं कोणी वर चढलंच नाही तर कसं टिकेल?

मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ मध्ये जेप्पूला कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल किनाऱ्यावर आहे. उगाच दीडशे वर्षं टिकलं नाही. खारी हवा त्याला काहीच करत नाही. आणि कौलाच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, ते तारेने रिपेला बांधण्यासाठीच! वडील कडेच्या दोन ओळी, आढ्याची आणि कोपऱ्याची कौलं हमखास बांधायचे. आता लोक त्या भोकाकडे बघतही नाहीत.


खाडीपलीकडे | १३ मार्च, दुपारी ४:०२

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण माकडांचं काय करायचं? आमच्याकडे दर आठवड्याला टोळी येते, एका उडीत चार कौलं. शाकारणी वर्षातून एकदा, माकडं बारमाही. आई म्हणते, वादळ दहा वर्षांनी येतं, हे रोजचे पाहुणे.


कौलांची_मुलगी | १३ मार्च, दुपारी ४:२०

ते मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांच्या काळात एवढी माकडं घरांवर येत नव्हती.


वेल्डिंगवाला_चिपळूण | १३ मार्च, रात्री १०:४५

मी फॅब्रिकेशन करतो, बावीस वर्षं झाली. पत्र्याबद्दल चार गोष्टी सांगतो, कारण निसर्गनंतर घाईघाईत लावलेली शेकडो छप्परं आता मीच काढतोय.

पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या. ०.५० सांगून ०.४० देतात. रंगाचा थर धरून मोजलं की आणखी फसवणूक होते.

आमच्या भागात साधा जस्ताचा पत्रा समुद्राजवळ टिकत नाही. अॅल्युमिनियम-जस्त मुलाम्याचा, वर रंग असलेला घ्या. पण त्यावर ओलं सिमेंट किंवा चुना पडू देऊ नका, मुलामा खाऊन टाकतो. गवंडी आढ्यावर सिमेंटचा थापा मारतात, तिथूनच पहिला गंज येतो. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, ठिणग्यांनी मुलामा जळतो. भोकं पाडल्यावर पडलेला लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढा. एक पाऊस पडला की प्रत्येक कणाचा तांबूस डाग होतो.

स्क्रू साधे नकोत, जाड मुलाम्याचे आणि चांगल्या रबरी वॉशरचे घ्या. कडेच्या पट्ट्यात प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधे एकाआड एक. कडेला परलीनही जवळजवळ टाका. गिऱ्हाईक स्क्रू वाचवायला सांगतं तेव्हा मी कामच घेत नाही.

गंज कुठे लागतो ते ऐकून आश्चर्य वाटेल. वरून नाही, खालून. पावसाने धुतला जाणारा भाग टिकतो. वळचणीखाली, पडवीच्या आतल्या अंगाला मीठ साठतं आणि तिथे पाऊस पोचत नाही. दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास एकदा पाइप घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवा. एवढ्याने पत्र्याचं आयुष्य वाढतं.


मोजपट्टी | १३ मार्च, रात्री ११:२०

चिपळूणकर, स्क्रूबद्दल तुम्ही सांगितलंत त्यामागे एक मोठी घटना आहे. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियात डार्विन शहरावर ट्रेसी वादळ आलं आणि घरांची वाताहत झाली. नंतर अभ्यासात आढळलं की पत्रा एका झोताने उपटला जात नाही. तासन्‌तास खालीवर हलून स्क्रूच्या भोवती बारीक चिरा पडतात आणि मग डोक्यावरून टोपी निघावी तसा तो स्क्रूवरून निघतो. तेव्हापासून तिथे पत्रे पुन्हापुन्हा ओढून तपासतात आणि स्क्रूखाली मोठे वॉशर लावतात. म्हणून निसर्ग सोसलेले पत्रे वरून ठीक दिसले तरी पुन्हा वापरू नका. स्क्रूजवळ तडे असतात.


गोंयकार_बाय | १४ मार्च, सकाळी ७:३०

आणि सिमेंटचे पत्रे? स्वस्त म्हणून अजून लावतात लोक.


वेल्डिंगवाला_चिपळूण | १४ मार्च, सकाळी ७:४१

नको. नारळ पडला तरी फुटतो, आणि जुन्यात अॅस्बेस्टॉस असतं. फुटलेले तुकडे झाडू मारून गोळा करू नका, ओले करून उचला.


माड_आणि_मी | १४ मार्च, दुपारी १२:१५

आमचं छप्पर वाऱ्याने गेलंच नाही, माडाने गेलं. घराला टेकलेला होता, आजीने लावलेला म्हणून तोडवत नव्हता. निसर्गात बरोबर मधोमध पडला. बागाही झोपल्या, सुपारी तर काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. आता घरापासून माडाच्या उंचीएवढ्या अंतरात नवीन माड लावत नाही. जुने आहेत त्यांचे नारळ आणि सुकी झापं मे महिन्यात उतरवून घेतो. तोडायचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, मी अजूनही एक तोडलेला नाही.


पडवीतला_काका | १४ मार्च, संध्याकाळी ६:५०

मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, म्हणून जरा मोठं लिहितो. सगळ्यांनी साहित्याचं छान सांगितलं. पण सुपारीबाग, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. आई-बाबा ओट्याखाली तीन तास बसले होते.

फयान वादळ आलं तेव्हा, नोव्हेंबर २००९ मध्ये, मी आणि सौ. न्हाणीघरात होतो. का, तर अख्ख्या घरात त्या एकाच खोलीला स्लॅब होता. मुलाने पाण्याच्या टाकीसाठी घातला होता. बाहेर कौलं पडल्याचे आवाज येत होते, पण आम्हाला भीती वाटली नाही. निसर्गात शेजारच्या दोन म्हाताऱ्या बाया आणि त्यांची गाय, तिला दारापर्यंतच आणता आलं, अशा सगळ्यांना तिथेच बसवलं.

अख्खं घर वादळापासून वाचवणं आपल्या खिशाला परवडेलच असं नाही. पण एक खोली अशी करा की तिच्यातली माणसं वाचलीच पाहिजेत. बाकीचं छप्पर गेलं तर पुन्हा घालता येतं.


मोजपट्टी | १४ मार्च, संध्याकाळी ७:३०

काका, हे मी सांगायला हवं होतं, राहून गेलं. सुपारीबाग, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर लागून आहेत का?


सुपारीबाग | १४ मार्च, रात्री ९:०५

आहेत. मधे एकच भिंत.

काकांची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. मग म्हणाली, त्या खोलीत देवाचं कपाटही बसवा.


टँपाची_वाट | १५ मार्च, पहाटे ५:१०

इथेही लोक घरातली एक छोटी, बिनखिडकीची खोली ठरवून ठेवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही चौघं कपड्यांच्या कपाटात बसलो होतो. मुलीला गाणी म्हणत होतो.


सुपारीबाग | १६ मार्च, रात्री १०:३०

सगळं वाचून, बाबा आणि गावातले सुतार यांच्याशी बोलून असं ठरतंय. आधी भिंतीवर बेल्ट. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला स्लॅब, वाळू मी स्वतः बघून आणणार. बाकी घराला चौपाखीच. खाली पत्रा स्क्रूने पक्का, त्यावर कौलं तारेने बांधलेली. म्हणजे माकडांनी कौल फोडलं तरी गळणार नाही. पडवी घरापासून वेगळ्या खांबांवर, तिचे वासे घराच्या वाशांना जोडायचे नाहीत. गेली तर एकटी जाईल. काही चुकतंय का?


मोजपट्टी | १६ मार्च, रात्री १०:५५

पत्रा आणि कौलाच्या मधे हवा खेळली पाहिजे. आधी उताराच्या दिशेने पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा. नाहीतर रिपेमागे पाणी आणि मीठ अडेल आणि पत्रा कौलाखाली गुपचूप गंजेल. तार स्टेनलेसची घ्या, पण ती पत्र्याला कुठेही टेकू देऊ नका. आणि पडवीची वळचण फार लांब काढू नका. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंती भिजू नयेत म्हणून वळचण हवीच, पण दोन-अडीच फुटांच्या पुढे गेली की वारा तिलाच धरतो.


कौलांची_मुलगी | १६ मार्च, रात्री ११:०२

तार बांधायला माणूस मिळाला नाही तर सांगा. वडिलांबरोबर काम केलेला एक जण अजून दाभोळला आहे, हात थरथरतात पण शिकवेल.


सुपारीबाग | २३ मे, दुपारी २:२०

धागा वर काढतोय. स्लॅब आणि बेल्ट झाले, वासे पट्ट्यांनी बांधले, पत्रा लागला. कौलं निम्मी झाली, पाऊस लवकर आला तर उरलेली दिवाळीनंतर. दाभोळचे काका तीन दिवस येऊन राहिले. आमच्या शेजारची दोन मुलं तार बांधायला शिकली. मागच्या दाराला किंजळीच्या लाकडाचा आडणा केलाय. बाबा रोज संध्याकाळी उगाचच लावून-काढून बघतात.


रापणवालो | २३ मे, दुपारी ३:०५

लय बरा झाला. वाशांच्या पट्ट्या खंयसून घेतलात? आमच्याकडे मिळणत नाय.


सुपारीबाग | २३ मे, दुपारी ३:३०

चिपळूणच्या दादांनीच कापून, भोकं पाडून, मग गॅल्व्हनाइज करून दिल्या. मुलामा भोकं पाडल्यानंतरच करायचा, हे त्यांनी बजावून सांगितलं. मापं व्यनि (खाजगी निरोप) करतो.